सीपॅपचा मास्क, नाकावरची खपली आणि गालांवरचं पुरळ

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. आधी मला समजलं ते सांगते, चुकलं असेल तर दुरुस्त करा. बाबा ६२ वर्षांचे, साताऱ्याला असतात. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा त्रास, गंभीर स्वरूपाचा निघाला, दीड महिन्यापासून सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) चालू आहे, हवेचं प्रेशर ११, मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा. पहिले पंधरा दिवस छान गेले, दुपारच्या डुलक्या थांबल्या. मग नाकावर, चष्मा टेकतो त्या जागी लाल वण उठला, आता तिथे खपली आहे. दोन्ही गालांवर बारीक पुरळ आहे. आई रोज रात्री चेहऱ्याला खोबरेल तेल लावून देतात, औषधाच्या दुकानातून आणलेलं एक मलमही चालू आहे. आणि गेल्या चार रात्री बाबा मशीन लावायलाच तयार नाहीत. तुम्ही विचारलंय, ही सिलिकॉनची ॲलर्जी आहे का, आणि कोणतं क्रीम लावू?

मी सतरा वर्षं पुण्यात एका स्लीप लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करते. रात्रभर झोपेची तपासणी करायची आणि नंतर पेशंटला मास्क बसवून द्यायचा, हे माझं रोजचं काम. त्वचारोगाची डॉक्टर मी नाही, त्यामुळे बाबांच्या चेहऱ्यावर नेमकं काय झालंय हे न बघता सांगणार नाही. पण मास्कमुळे चेहऱ्यावर काय काय होतं आणि ते का होतं, हे रोज बघते. त्यावरून सांगते, क्रीमने हे सुटेल असं मला वाटत नाही. नाकावरची खपली पट्टे आवळल्याने आलेली दिसते. पट्टे का आवळावे लागले, ते शोधलं की ती भरेल आणि पुन्हा येणार नाही.

त्याआधी दोन गोष्टी आजच बघा. खपलीखाली पू आहे का, आजूबाजूला सूज किंवा गरमपणा आहे का, लाली डोळ्याच्या बाजूला सरकतेय का, ताप आहे का? यातलं एकही असेल तर पुढचं वाचत बसू नका, आजच डॉक्टरांकडे न्या. नाकाच्या आसपासचा जंतुसंसर्ग अंगावर काढायचा नसतो. बाबांना मधुमेह असेल किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर यातलं काही दिसत नसलं तरी एकदा दाखवूनच घ्या. मधुमेहात जखम भरायला वेळ लागतो, आणि रक्त पातळ असेल तर ती जास्त वाहते.

दुसरी गोष्ट ते मलम. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. आपल्याकडे खाजेपासून गोरेपणापर्यंत सगळ्याला हीच ट्यूब हातात दिली जाते. २०१८ मध्ये सरकारने अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती सर्रास मिळतात. चेहऱ्याची कातडी आधीच पातळ, स्टिरॉइडने ती आणखी पातळ होते, आणि तिच्यावर रात्रभर मास्कचा दाब. शिवाय या मलमाने मुरुमांसारखं पुरळ उठतं, म्हणजे बाबांच्या गालावरच्या पुरळाला तेही कारण असू शकतं. किती दिवस लावलं ते लिहून ठेवा आणि ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा. कसं थांबवायचं ते त्यांना ठरवू द्या.

आता मूळ मुद्दा. माझ्याकडे असा पेशंट आला की मी आधी मास्ककडे बघत नाही, वण कुठे आहे ते बघते. नाकाच्या हाडावर असेल तर दाब. मास्कच्या कडेची हुबेहूब नक्कल उमटल्यासारखी लाल रेघ असेल आणि तिला खाज असेल, तर त्या कडेला काहीतरी लागलेलं आहे, बहुतेक वेळा साबण. नाकपुड्यांच्या तोंडाशी चिरा असतील तर नाकपुड्यांत टेकणाऱ्या छोट्या उशांचा मास्क घासतोय किंवा हवा कोरडी आहे. गालफडावर आणि मानेवर पट्ट्याच्या रेघा म्हणजे पट्टा घट्ट किंवा घामाने कडक झालेला. हनुवटीशी कातडी पांढरट, भिजल्यासारखी दिसत असेल तर तोंडातून लाळ येतेय किंवा मास्कमध्ये पाणी साचतंय. भुवयांत आणि नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घड्यांत पिवळट कोंडा असेल, तर तो त्वचेचा मूळचा त्रास आहे, मास्कने फक्त चिघळवला. तुमच्या वर्णनात नाकावर एक गोष्ट आहे आणि गालावर दुसरी. म्हणून दोन्हींवर एकच क्रीम चालणार नाही.

आधी नाक. तिथे कातडीखाली लगेच हाड, मध्ये चरबीची गादी नाही. कातडी मास्क आणि हाड यांच्या मध्ये चेपली गेली की तिथलं रक्त तासन् तास अडतं. सकाळी मास्क काढल्यावर थोडा लाल ठसा सगळ्यांनाच दिसतो. तो अर्ध्या तासात मावळला तर काळजी नाही. तासाभरानंतरही तसाच असेल, तर बोटाने दोन-तीन सेकंद दाबून सोडा. दाबल्यावर फिकट होऊन पुन्हा लाल झाला, तर अजून वेळ आहे. रंग जागचा हललाच नाही, तर आतली कातडी दुखावली आहे. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे रंग जांभळट-काळसर वाटतो. म्हणून हात लावून बघा, आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा दुखरं लागतंय का. बाबांचं हे सगळं होऊन गेलंय, खपली धरलीय.

पट्टे का आवळले गेले? माझा अनुभव असा की नव्वद टक्के घरांत गोष्ट एकच असते. मध्यरात्री हवा लीक होते, डोळ्यांवर फुंकर येते, माणूस अर्धवट झोपेत पट्टा ओढतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच, आणि पट्टा आणखी थोडा आत. पण सिलिकॉनच्या मास्कची कड दोन पदरी असते. आतला पदर आधार देतो, बाहेरचा पातळ पदर हवेने फुगून चेहऱ्यावर टेकतो. हवा अडते ती त्या फुगलेल्या पदरामुळे. पट्टा आवळला की तो पदर दबून चपटा होतो, त्याला सुरकुत्या पडतात आणि सुरकुत्यांतून हवा आणखी निसटते. म्हणजे जितकं आवळाल तितकं लीक आणि तितकी जखम.

मग लीक सुरू कशाने झालं? इथे परिस्थितीवर खूप अवलंबून असतं, म्हणून चार प्रश्न विचारते.

पहिला, मशीनला रॅम्प लावलाय का? रॅम्पमध्ये हवा ४च्या आसपास सुरू होते आणि हळूहळू ११पर्यंत जाते. बाबा दहा वाजता मास्क बसवतात तेव्हा प्रेशर ४ असतं, सगळं ठीक वाटतं. अकराला ते झोपलेले असतात, प्रेशर ११ होतं आणि मास्क उचलला जातो. मास्क नेहमी पूर्ण प्रेशरवर बसवायचा. बऱ्याच मशीनमध्ये मास्क फिट नावाचं बटण असतं, ते दाबलं की थोडा वेळ जास्त प्रेशरची हवा येते. नसेल तर मास्क बसवण्यापुरता रॅम्प बंद करा.

दुसरा, मास्क बसवताना बाबा बसलेले होते की आडवे? दुकानात खुर्चीवर बसवून माप घेतात. आडवं झालं की गाल कानाकडे सरकतात, हनुवटी मागे जाते, चेहरा बदलतो. अंतिम जुळवाजुळव आपल्या उशीवर, आपल्या कुशीवर झोपूनच करायची.

तिसरा, बाबांना कवळी आहे का? हा प्रश्न कोणी विचारत नाही. दिवसा कवळी लावून मास्कचं माप दिलं आणि रात्री कवळी वाटीत काढून ठेवली, तर गाल आत बसतात आणि तोच मास्क मोठा होतो. असे आजोबा माझ्याकडे दर महिन्याला एक तरी येतात. ज्या अवस्थेत झोपणार, त्याच अवस्थेत माप द्या.

चौथा, चष्मा. मास्क जिथे रुततो तिथेच दिवसा चष्म्याची नाकाडी टेकते. म्हणजे त्या जागेला रात्री सात तास मास्क आणि दिवसा चौदा तास चष्मा, विश्रांती जवळजवळ नाहीच. मागे एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. मास्कचे तीन प्रकार बदलून झाले होते, तरी वण जाईना. त्यांचा चष्मा हातात घेतला तर जाड काचांचा, चांगलाच जड. डाव्या बाजूची नाकाडी वाकून आत आली होती आणि वणही डावीकडेच होता. चष्मेवाल्याने ती सरळ करून दिली, काही दिवस घरात चष्मा कमी वापरायला सांगितला, दोन आठवड्यांत कातडी भरली. मास्क तोच राहिला.

आता मास्क बसवायचा कसा ते. चारही पट्टे पार सैल करा. बाबांना नेहमीच्या कुशीवर झोपवा, मशीन पूर्ण प्रेशरवर चालू करा. मास्क हाताने चेहऱ्यावर धरा, खालचे दोन पट्टे दोन्ही हातांनी एकदम, सारखे, थोडे थोडे ओढा. मग वरचे, खालच्यांपेक्षाही हलके, कारण नाकाच्या हाडावरचा भार वरच्या पट्ट्यांनीच येतो. मग मास्क पुढून धरून चेहऱ्यापासून बोटभर उचला, बाहेरचा पदर फुगू द्या आणि अलगद टेकवा. ही शेवटची पायरी लोक गाळतात, खरी जादू तिथेच आहे. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. मास्कच्या पुढच्या बारीक छिद्रांतून हवा येणारच, ती उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी आहे, ती अडवायची नाही. कडेने थोडी फुसफुस झाली आणि मशीनवर लीकचा आकडा ठीक दिसत असेल, तर ती चालवून घ्या. शून्य लीकच्या मागे लागूनच नाकं सोलवटतात. एकदा जमलं की पट्ट्यांवर पेनने खूण करा आणि सकाळी मास्क क्लिप सोडून काढा, पट्टे हलवू नका.

इतकं करूनही बसत नसेल तर आकार चुकलाय किंवा कुशन, म्हणजे चेहऱ्याला टेकणारा सिलिकॉनचा भाग, थकलंय. चेहऱ्याच्या तेलाने सिलिकॉन पिवळट, गुळगुळीत होतं आणि धरत नाही. दीड महिन्यात ते इतकं खराब व्हायला नको, पण रोज खोबरेल तेल लागत असेल तर होऊ शकतं. कुशन वेगळं मिळतं, त्यासाठी अख्खा मास्क घ्यावा लागत नाही.

आता गाल. आईंना वाईट वाटू देऊ नका, त्यांनी मायेने केलंय आणि एरवी कोरड्या कातडीला खोबरेल चांगलंच आहे. पण मास्कखाली ते घसरतं, म्हणून लीक वाढतं, म्हणून पट्टा आवळला जातो. तेल, घाम आणि उबदार हवा रात्रभर कोंडली की केसांची मुळं बुजतात आणि बारीक पुरळ उठतं. पेट्रोलियम जेली तर नकोच, आणि घरात ऑक्सिजनचं मशीनही चालू असेल तर तिने आगीचा धोका असतो. रात्री सौम्य साबणाने चेहरा धुवायचा, टिपून पूर्ण कोरडा करायचा, कडा टेकते तिथे काहीही लावायचं नाही. तेल किंवा मॉइश्चरायझर सकाळी, मास्क काढून तोंड धुतल्यावर. दाढीही सकाळीच करा. संध्याकाळी केली तर ताज्या सोललेल्या कातडीवर मास्क बसतो.

सिलिकॉनच्या ॲलर्जीबद्दल. ती असू शकते, पण फार क्वचित. सतरा वर्षांत माझ्याकडे ॲलर्जी म्हणून आलेल्या बहुतेकांचं कारण धुण्यात सापडलं. रत्नागिरीचे एक गृहस्थ भर पावसाळ्यात आले होते, चेहऱ्यावर मास्कच्या कडेची लालबुंद प्रतिकृती, जणू शिक्का मारलाय. मी मास्क नाकाशी धरला आणि दवाखान्याचा वास आला. रोज जंतुनाशकाच्या पाण्यात तासभर भिजवत होते, वर भांड्यांचा लिक्विड साबण. सिलिकॉनने तो वास आणि ते रसायन धरून ठेवलं होतं. नवं कुशन, साधा साबण, पाच-सहा दिवसांत चेहरा निवळला. तेव्हा रोज सकाळी कुशन कोमट पाण्यात, वास नसलेल्या सौम्य साबणाच्या दोन थेंबांनी बोटांनी चोळून धुवा. साबण जाईपर्यंत वाहत्या पाण्याखाली धरा, सावलीत वाळवा. डेटॉल, स्पिरिट, ब्लीच, उकळतं पाणी, यातलं काही नको. ओझोनने साफ करणारी यंत्रंही घेऊ नका. पट्टे आठवड्यातून एकदा धुवा. एवढं सगळं करूनही दोन आठवड्यांत कडेची खाजरी रेघ गेली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना पॅच टेस्टबद्दल, म्हणजे कातडीवर नमुने लावून ॲलर्जी शोधण्याच्या तपासणीबद्दल, विचारा.

तुमच्या आईंसारख्या ज्या बायका हे वाचत असतील आणि स्वतः मशीन वापरत असतील, त्यांच्यासाठी जाता जाता. कपाळावर टेकू असलेला मास्क नेमका टिकलीच्या जागी बसतो. टिकलीच्या गोंदानेच तिथली कातडी अनेकींची दुखावलेली असते, आणि दोष मास्कला जातो. नाकातली चमकी काढायला मन होत नाही हे मला माहीत आहे, पण निदान तिचा मळसूत्री भाग आतून टोचत नाही ना, ते बघा.

खपली भरेपर्यंत काय करायचं? इथे मी ठामपणे सांगते, मशीन बंद ठेवून वाट बघू नका. गंभीर ॲप्नियात तासाला तिसाहून जास्त वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो, आणि प्रत्येक अडथळा किमान दहा सेकंदांचा असतो. बाबांच्या चार रात्री तशा गेल्या आहेत. खरा उपाय म्हणजे नाकाच्या हाडाला स्पर्शच न करणारा मास्क. असे मास्क नाकाखालून टेकतात, काही नाक-तोंड दोन्हींसाठीही मिळतात. विक्रेत्याला आठवडाभर वापरून बघायला मागा, बरेच जण देतात. तोंड उघडं राहत नसेल तर फक्त नाकाचा छोटा मास्कही चालेल, पण नाक चोंदलेलं असेल तर आधी त्याचा इलाज हवा, नाहीतर तोंडाने श्वास घेणं थांबणार नाही. काही मास्कच्या क्लिपांत लोहचुंबक असतं. बाबांना पेसमेकर किंवा शरीरात धातूचं दुसरं काही उपकरण असेल, तर तसा मास्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पुढे बरं झाल्यावरही दोन प्रकारचे मास्क आलटून पालटून वापरले, तर दाबाची जागा बदलत राहते.

दुसरा मास्क मिळेपर्यंत, जखम ओली नसेल आणि पू नसेल तर हायड्रोकोलॉइडची पातळ पट्टी (जखमेवर चिकटणारी, जेलसारखी) लावता येईल. अतिदक्षता विभागात रात्रंदिवस मास्क लावलेल्या पेशंटच्या नाकावर नर्स हीच लावतात. नाकाच्या आकाराला बसेल अशी, कोपरे गोल करून कापा, कोरड्या कातडीवर हाताच्या उबेने दाबून चिकटवा आणि रोज ओढून काढू नका, खपलीसकट निघेल. दोन-तीन दिवस राहू द्या, मग कोमट पाण्याने सैल करून काढा. जाड पट्टी किंवा कापसाची घडी ठेवू नका, तिने दाब वाढतो. गालांसाठी सुती अस्तर चांगलं. विकत मिळतं, किंवा जुन्या मऊ टी-शर्टच्या कापडाचं कडेपुरतं कापून घ्या, नाकातोंडाची जागा आणि पुढची छिद्रं मोकळी ठेवून. रोज धुवा. अस्तर लावल्यावर लीक वाढत असेल तर त्या घरात ते उपयोगाचं नाही.

एखादी रात्र मास्क लावणं अशक्यच झालं, तर डॉक्टरांना कळवा. कुशीवर, डोक्याची बाजू उंच करून झोपवा. त्या रात्री दारू नको, आणि झोपेची गोळी चालू असेल तर तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

ह्युमिडिफायरचं, म्हणजे मशीनच्या हवेला ओलावा देणाऱ्या भागाचं, एवढंच सांगते की सातारच्या पावसाळ्यात आणि हिवाळ्यात एकच सेटिंग चालत नाही. सकाळी मास्कमध्ये पाण्याचे थेंब दिसले तर एक आकडा कमी करा आणि नळी पांघरुणाखाली घ्या. नाक कोरडं पडलं तर एक आकडा वाढवा.

खपली गेल्यावर तिथे काळा डाग राहील. आपल्या कातडीवर तो काही महिने राहतो. बाबा बाहेर जाताना टोपी घालतील, सनस्क्रीन लावतील तर लवकर फिका होईल. डाग आहे म्हणजे जखम आहे, असं समजून घाबरू नका.

बाबांना मशीनकडे परत कसं आणायचं, हेही तुमच्या प्रश्नात आहे, जरी तुम्ही विचारलं नसलं तरी. सीपॅप शोधणाऱ्या सिडनीच्या डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये पहिल्या पेशंटांचे निष्कर्ष छापले, तेव्हा मास्क साच्यातून काढून सिलिकॉनच्या गोंदाने नाकावर चिकटवत असत. म्हणजे हा त्रास उपचाराच्या जन्मापासूनचा आहे. बाबा नाजूक नाहीत आणि हट्टीही नाहीत, हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या. दुपारी टीव्ही बघताना, सैल पट्ट्यांनी, वीस मिनिटं मास्क लावून बघा म्हणावं. रात्रीची सक्ती नको. मास्क दुखत नाही हे एकदा जागेपणी कळलं, की रात्री ते स्वतःच मागतात, असं मी अनेक घरांत पाहिलंय.

पुन्हा मास्क सुरू केल्यावर पहिल्या सकाळी दोन फोटो काढा. एक मास्क काढल्या काढल्या, दुसरा अर्ध्या तासाने, त्याच खिडकीच्या उजेडात. मास्कच्या दुकानात जाताना ते फोटो, चष्मा, कवळीची डबी आणि मशीनवरचा आठवड्याचा लीकचा आकडा बरोबर न्या. आकडा मला इथे लिहून पाठवलात तर पुढचं सांगेन.